बुधवारच्या जेवणातली अकरा मिनिटं

अप्पाराव आले तेव्हा मी गच्चीवर पुस्तकं उन्हात घालत होतो. दर फेब्रुवारीत मी हे करतो. पुस्तकांना त्याचा काही फायदा होतो की नाही मला सांगता येणार नाही, पण निवृत्त माणूस काहीतरी करतो आहे असं घरात दिसतं.

"रामकिसनराव," जिना चढून आल्यामुळे धापा टाकत ते म्हणाले, "रविवारी वीस मिनिटं बोलायचंय."

"या ना, केव्हाही या," मी म्हणालो.

"माझ्याशी नाही हो! स्टेजवरून. माईकवर."

माझ्या हातातलं पुस्तक पाण्याच्या टाकीमागे पडलं. ग्रंथपाल म्हणून एकतीस वर्षं मी लोकांना बोलू नका असं सांगण्यात घालवली. स्वतः बोलायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही.

अप्पाराव आमच्या चित्रपट मंडळाचे अध्यक्ष. चिकलठाण्याला त्यांचा बाटल्यांची झाकणं करायचा कारखाना आहे. औरंगाबादेत कारखाने वाढले तसं आमचं मंडळही वाढलं. पुण्या-मुंबईहून बदलून आलेल्या मॅनेजर लोकांना रविवारी सकाळी या गावात काय करावं ते कळत नसे. ते आमच्याकडे येत, दोन तास अंधारात बसत, आणि चहाच्या वेळी माणसाच्या एकटेपणावर बोलत. मग सोमवारी कामावर हजर होत.

"'बुधवारचं जेवण' पुन्हा दाखवतोय," अप्पाराव म्हणाले. "केळशीकर स्वतः येतायत. चौदा वर्षांनी फेरमूल्यांकन. आणि ते तुमच्याशिवाय कोण करणार?"

"फेरमूल्यांकन म्हणजे पुन्हा चांगलंच म्हणायचं ना?"

"अर्थात! पण या वेळी जरा अवघड शब्दांत."

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात विराज केळशीकर नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाचा हा पहिला सिनेमा आमच्या मंडळात आला. क्रांती चौकाजवळच्या एका शाळेच्या सभागृहात आमचे खेळ होत. सिनेमा एका जोडप्याचा. नवऱ्याला कारखान्यात बुधवारची सुट्टी, म्हणून आठवड्यातून एकदाच दोघं एकत्र जेवतात. सिनेमाच्या मध्यावर एक मोठा प्रसंग आहे. अकरा मिनिटांचा. नवराबायको पाटावर समोरासमोर बसून जेवतात. त्या अकरा मिनिटांत आम्हाला एकही शब्द ऐकू आला नाही. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. फक्त दुरून कसलीशी गर्जना येत होती, आधी हळू, मग मोठी, मग पुन्हा विरत गेलेली.

सभागृहात दीडशे माणसं होती. कुणीही हूं की चूं केलं नाही. त्याला कारण होतं. आधीच्याच महिन्यात एका परदेशी सिनेमात असाच आवाज थांबला होता, तेव्हा स्कूटरच्या कारखान्यातले एक इंजिनिअर "आवाऽज!" म्हणून ओरडले होते. तो सिनेमा खरोखरच तिथे नऊ मिनिटं मुका होता. चहाच्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललं नाही. पुढे त्यांनी नाशिकला बदली मागून घेतली असं ऐकलं. त्यामुळे या वेळी दीडशे माणसं अकरा मिनिटं अत्यंत समजूतदार चेहरे करून बसली. त्यांत माझा चेहरा सगळ्यांत समजूतदार असणार, कारण मी घरी जाऊन त्याच रात्री त्यावर लेख लिहिला.

इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत तो आला. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत, कारण नंतर ती अनेकांनी छापली: 'ओठ हलतात, पण शब्द उमटत नाहीत. जवळिकीचीच ही परात्मता! आणि दूर कुठूनतरी एका अदृश्य समुद्राची गर्जना ऐकू येत राहते. ती त्या दोघांच्या अबोध मनाची गर्जना आहे.'

हा लेख पुण्याला गेला, तिथून मुंबईला, तिथून इंग्रजीत होऊन परदेशी महोत्सवाच्या पुस्तिकेत. सिनेमाला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी 'समुद्राच्या गर्जनेचा' खास उल्लेख केला. केळशीकरांचं मला पत्र आलं: 'माझ्या सिनेमात काय आहे हे मला तुमच्यामुळे कळलं.' ते पत्र मी लॅमिनेशन करून घेतलं. माझ्या आयुष्यात लॅमिनेशन करण्याजोगं तेवढंच.

सिनेमा पाहिला त्या दिवशी माझी बायको म्हाळसा माझ्याबरोबर होती. वर्षातून एकदा सभासदांनी पत्नीला आणावं असा मंडळाचा नियम होता. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "आवाज गेला व्हता का हो मधी?"

"नाही. ते मौन होतं."

"मौन? मग ती बाई घडाघडा बोलत काय व्हती? म्हनत व्हती..."

"ती बोलत नव्हती. ते प्रतीक होतं."

"अन त्यो गलका? मोर्चा चालला व्हता ना चौकात?"

"तो समुद्र होता, म्हाळसा."

"समुद्र! आपल्या क्रांती चौकात?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो.

हे वाक्य मी मोठ्या आवाजात बोललो नाही. मी कुठलंच वाक्य मोठ्या आवाजात बोलत नाही. पण ती त्यानंतर गप्प झाली आणि घरापर्यंत गप्प राहिली. मला तेव्हा वाटलं, सिनेमाचा तिच्यावरही परिणाम झाला.

तिचं माहेर दौलताबादच्या पलीकडचं, डोंगराच्या कुशीतलं, मेंढरांचं. माझंही घर मेंढरांचंच, सिल्लोडकडचं. पण मला सातव्या वर्षी बोर्डिंगात घातलं आणि मी माळाऐवजी पुस्तकं चरत राहिलो. म्हाळसा लग्न होईपर्यंत माळावर होती. तिकडे वारा शब्द टिकू देत नाही. या टेकडीवरून मारलेली हाक त्या टेकडीवर पोचेपर्यंत मोडून जाते. म्हणून तिथली माणसं लांबून तोंडाकडे बघतात आणि काय म्हणतोय ते ओळखतात. तिचा थोरला भाऊ भिकन ओढ्यापलीकडून नुसतं तोंड हलवून थट्टा करी आणि ही अलीकडे हसत बसे. लग्नानंतर तिनं मला हे कौतुकानं सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं आणि विसरलो. ग्रंथालयशास्त्रात त्याला वर्गीकरण क्रमांक नव्हता.

त्या लेखानंतर माझ्या घरात एक बदल झाला, तो सांगायला मला लाज वाटते. मी मूळचाच कमी बोलणारा. आजवर तो माझा भित्रेपणा होता. आता ती आधुनिक जाणीव झाली. जेवताना म्हाळसा काही बोलू लागली की मी ताटाकडे बघत राही, त्या सिनेमातल्या नवऱ्यासारखा. हळूहळू तिनं बोलणं कमी केलं. आम्ही रोज बुधवारचं जेवण जेवू लागलो. भिकन तापानं वारला तेव्हा मी तीन दिवस तिच्याशेजारी एकही शब्द न बोलता बसलो. ते मला फार गहिरं वाटलं होतं. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

तर अप्पाराव गेल्यावर मी भाषण लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. ती गर्जना प्रसंगाच्या कितव्या मिनिटाला सुरू होते? आठवेना. मला स्वतःच्या आठवणीवर कधीच विश्वास नसतो. म्हणून मी पुंडलिककडे गेलो.

पुंडलिक त्या शाळेत प्रयोगशाळेचा परिचर होता आणि रविवारी आमच्यासाठी प्रोजेक्टर चालवायचा. आता वाळूजकडच्या कामगार वसाहतीत त्याचा केबलचा धंदा आहे. दुकानात चार टीव्ही एकदम चालू होते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. महिन्यापूर्वीच, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाला त्यांचं नाव दिल्याचं जाहीर झालं होतं. तसबिरीखाली पेढ्यांचा रिकामा खोका तसाच जपून ठेवलेला.

"सर! तुम्ही हितं?" त्यानं मला खुर्ची दिली आणि चारही टीव्हींचा आवाज बंद केला. पडद्यावर चार बायका मुक्यानं रडू लागल्या.

मी त्याला प्रश्न विचारला. तो एकदम ओशाळला.

"सर, एक सांगू का? चौदा वर्षं पोटात हाय. रागवू नका."

"मी?" मला राग करायची सवय नाही.

"त्या रिळाचा आवाज मीच बंद केला व्हता."

बाहेर कारखान्याची बस भोंगा वाजवत गेली. तो सांगत राहिला. त्या दिवशी क्रांती चौकातून नामांतराचा मोर्चा होता. त्याचे वडील पुंजाराम मोंढ्यात हमाल होते. ते झेंडा घेऊन पहिल्या रांगेत होते. आदल्या दिवसापासून लाठीमार होणार अशी आवई होती. पुंडलिकला मंडळाचा खेळ सोडून जाता येईना. म्हणून मोर्चा जवळ आल्यावर त्यानं प्रोजेक्टरच्या आवाजाची कळ फिरवली आणि खोलीची खिडकी सताड उघडली.

"मला निस्तं ऐकायचं व्हतं सर, घोषणा चालू हायत का मधीच तुटल्या. चालू ऱ्हायल्या तर बाप हुभा हाय. म्हनलं, कुणी वरडलं की लगेच आवाज सोडू. पर कुणी वरडलंच नाय! मलाच नवल वाटलं. म्हनलं, लई चांगली मानसं हायत. मोर्चासाठी सिनेमा बंद ठेवू दिला."

मी पडद्यावरच्या त्या चार मुक्या बायकांकडे बघत राहिलो.

"मग तुमचा लेख आला. बापाला वाचून दाखवला. त्यो म्हनला, ह्ये समुद्र कोन? म्हनलं, बाबा, ह्ये तुमीच." पुंडलिक हसला आणि मग त्यानं तसबिरीवरचा हार सरळ केला. "लई हसला व्हता त्यो. नाव लागलेलं बघायला ऱ्हायला नाय."

"पण मग," मी कसंबसं विचारलं, "त्या अकरा मिनिटांत ती दोघं बोलत होती?"

"बोलत म्हंजे! आदल्या दिशी रीळ तपासताना मी ऐकलं की. सगळं नाय आठवत. ती म्हनते, मीठ कमी आहे म्हणून तरी बोला. मग त्यो लई वेळ कायबाय सांगतो. अन शेवटाला म्हनतो, चुकलं माझं. मग दोघं बी हसत्यात. तिथं रीळ संपतं."

म्हणजे सिनेमाच्या मध्यावर त्या नवराबायकोचा समेट झाला होता. जवळिकीच्या परात्मतेवर बक्षीस मिळवलेल्या सिनेमात.

घरी आलो तेव्हा म्हाळसा तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो. असा मी सहसा बसत नाही, म्हणून तिनं सूप थांबवलं.

"त्या सिनेमात," मी म्हणालो, "ती बाई काय म्हणत होती, आठवतं?"

कुठला सिनेमा असं तिनं विचारलं नाही. "म्हनत व्हती, मीठ कमी हाय म्हनून तरी बोला. मग त्यो म्हनला कारखान्यात दिसभर यंत्राचा आवाज, घरी आलो की तोंड उघडत नाय. अन शेवटाला म्हनला, चुकलं माझं." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "मी सांगत व्हते तवाच. तुमी म्हनले, तुला नाय कळायचं."

"तुझ्या लक्षात आहे?"

"भिकन गेला तवा तीन दिस तुमी शेजारी बसलात. मी तुमच्या तोंडाकडं बघत व्हते. म्हनलं, आवाज नसंल येत, तोंड तरी हलंल. नाय हललं."

तिनं पुन्हा तांदूळ पाखडायला घेतले. मी उठून खोलीत गेलो आणि लिहिलेलं भाषण फाडलं. पुन्हा लिहिलं ते दोन पानं झालं. पहिल्या पानावर सिनेमा, मोर्चा आणि माझी चूक. दुसऱ्या पानावर म्हाळसा. मग तीन दिवस मी आजारी पडायची वाट पाहिली. प्रकृती उत्तम राहिली.

रविवारी सभागृह भरलं होतं. खुर्च्या नव्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर अप्पारावांच्या झाकणांच्या कंपनीचं नाव. म्हाळसा सातव्या रांगेत बसली आणि माझ्या बोलावण्यावरून आलेला पुंडलिक तिच्या शेजारी. मी पहिल्या रांगेत केळशीकरांजवळ. केळशीकर सहा फूट उंच, दाढी पांढरी झालेली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

दिवे गेले. मध्यावरचा प्रसंग जवळ येऊ लागला तसे मी खिशातले कागद चाचपले. आता प्रोजेक्टर दुसरा, माणूस दुसरा. आता आवाज येणार. सगळ्यांना कळणार. निदान मला स्वतःच्या तोंडानं सांगायची वेळ तरी येणार नाही.

जेवण सुरू झालं. ओठ हलू लागले. आवाज नाही. आणि मग दुरून ती गर्जना! फक्त ती आता स्वच्छ, गोल, स्टुडिओत धुतल्यासारखी. मधूनच एक समुद्रपक्षीही ओरडला.

मागून म्हाळसाचा आवाज आला, "आता ह्ये पाखरू कुठलं?" कुणीतरी "शूऽ" केलं.

मी केळशीकरांकडे वळलो. ते माझ्या कानाशी वाकले. "खरं सांगू? मूळ सिनेमात इथे संवाद होते. अगदी सामान्य. मीठ-बीठ. तुमचा लेख वाचला आणि कळलं की मी काय करायला हवं होतं. महोत्सवाला पाठवण्याआधी सगळे काढून टाकले. समुद्र घातला. मुद्दाम कोकणात जाऊन ध्वनिमुद्रित केला."

"आणि मूळ प्रत?"

"ती आता कुठेच नाही," ते समाधानानं म्हणाले. "तुम्ही हे आधीच कसं पाहिलंत, याचं मला आजही नवल वाटतं."

मी खुर्चीत मागे टेकलो. पुरावा उरला नव्हता. सिनेमा माझ्या लेखासारखा झाला होता. मी एक शब्द न बदलता जुनाच लेख वाचला असता तर तो आता संपूर्ण खरा ठरला असता. खोटं म्हणू शकणारी दोनच माणसं जगात होती आणि ती सातव्या रांगेत शेजारीशेजारी बसली होती. दोघंही बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती. चौदा वर्षांत त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला फार मोह झाला. जुना लेख माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होताच, लॅमिनेशन केलेल्या पत्रासकट.

आधी केळशीकर बोलले, अर्धा तास. मग अप्पारावांनी माझं नाव घेतलं आणि टाळ्या झाल्या. मी स्टेजवर चढलो. माईक केळशीकरांच्या उंचीवर होता. तो माझ्या कपाळासमोर येत होता. खाली ओढायची काहीतरी कळ असणार, पण ती मला सापडेना, आणि एवढ्या लोकांदेखत कुणाला बोलावणं मला जमेना. मी टाचा उंच करून पाहिल्या. मग ते फारच हास्यास्पद वाटलं म्हणून होतो तसाच उभा राहिलो आणि सातव्या रांगेकडे पाहिलं. म्हाळसा माझ्या तोंडाकडे बघत होती. भिकन गेला तेव्हा बघत होती तशीच असणार.

मी दोन पानं काढली आणि वाचायला लागलो.

मी म्हणालो की मित्रहो, या प्रसंगात मौन नव्हतं. आवाज बंद होता. मी म्हणालो की तो समुद्र नव्हता, आपल्याच गावातली माणसं आपल्याच चौकातून नाव मागत चालली होती. त्यांत पुंजाराम नावाचे एक हमाल झेंडा घेऊन होते, आणि आपण दीडशे शिकलेली माणसं पन्नास पावलांवर बसून त्यांना अबोध मन समजलो. इतक्या जवळचं ज्याला ऐकू येत नाही त्यानं जवळिकीवर लिहू नये. चुकलं माझं.

हे सगळं मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, म्हणजे माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचेल इतक्या. माईक माझ्या डोक्यावरून छताचं ऐकत होता.

मागच्या रांगेतून एका तरुणानं "आवा..." असं म्हटल्याचं मला ऐकू आलं. त्याच्या शेजारच्यानं त्याला खाली ओढून बसवलं. मग सभागृहात एक विलक्षण शांतता पसरली. मी वर पाहिलं तर दोनशे समजूतदार चेहरे माझ्याकडे बघत होते. पहिल्या रांगेत केळशीकरांनी डोळे मिटून घेतले होते. अप्पारावांनी रुमाल काढला होता. माझे ओठ हलत होते आणि शब्द उमटत नव्हते, आणि हे सगळ्यांना कळलं होतं.

फक्त सातव्या रांगेत म्हाळसा मान वाकवून पुंडलिकच्या कानाशी भराभर काहीतरी बोलत होती. पुंडलिक एकदा हसला आणि मग त्यानं डोळ्यांना हात लावला. पुढच्या बाई मागे वळून म्हणाल्या, "अहो, शूऽ! मौन चाललंय ना." ते मला स्टेजवर स्पष्ट ऐकू आलं. म्हाळसा काय सांगत होती ते मात्र मला तिच्या तोंडाकडे बघून कळेना. माझा सगळा जन्म वाचण्यात गेला, पण ते वाचायला मी शिकलो नव्हतो.

पहिलं पान संपलं. दुसरं वर घेतलं आणि माझा धीर सुटला. मी कागद मिटले आणि खाली आलो. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. केळशीकरांनी मला मिठी मारली तेव्हा माझं नाक त्यांच्या खिशातल्या पेनावर आपटलं. "शब्दांपलीकडचं फेरमूल्यांकन!" ते म्हणाले. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की माईक उंच होता. "फारच उंच!" ते भारावून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'ज्येष्ठ समीक्षकाची मूक मानवंदना' असं छापून आलं. मी खुलासा पाठवला. तो 'कलावंताचा विनय' या मथळ्याखाली, मोर्चाचा भाग गाळून आला. म्हणून हे आता सविस्तर लिहितो आहे. पण ते नंतरचं.

त्या दुपारी पुंडलिक आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आला. त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "बापाचं नाव घेतलंत सर," तो म्हणाला.

"पण कुणाला ऐकू आलं नाही रे."

"मला आलं की. मावशीनं सांगितलं समदं."

रिक्षा निघाली. क्रांती चौकात उन्हानं डांबर चमकत होतं. वाळूजच्या कामगारांच्या बसगाड्या एकामागून एक चालल्या होत्या. मी विचारलं, "पुंडलिकला काय सांगत होतीस?"

"तुमी जे म्हनत व्हता तेच. शब्दाला शब्द." मग ती म्हणाली, "शेवटी एक वाक्य मातर मी पदरचं घातलं."

"कोणतं?"

"माझी बायको तवाच खरं सांगत व्हती, अन मी तिला गप केलं. असं तुमी म्हनले, म्हनून सांगितलं त्याला."

ते माझ्या दुसऱ्या पानावर पहिलंच वाक्य होतं. पान तिनं पाहिलेलं नव्हतं. मी खिशातून ते काढलं, उलगडलं, आणि पुन्हा घडी घातली. वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "चुकलं माझं, म्हाळसा."

रिक्षाचा आवाज भयंकर होता. तिनं चेहरा माझ्याकडून फिरवला आणि ती रस्त्याकडे बघू लागली.

"काय?"

"चुकलं माझं."

"आवाज येत नाय."

"अगं, तुला तर दिसतं ना तोंडावरून! इकडे बघ की."

"दिसतंय तर लई दिसापास्नं," ती रस्त्याकडेच बघत म्हणाली. "मला ऐकायचंय."

मी घसा साफ केला. एकतीस वर्षं ज्या आवाजावर मी पाट्या लावल्या होत्या तो कुठे ठेवलाय हे मला शोधावं लागलं. मग मी ओरडलो. सिग्नलला थांबलेल्या बसमधले दोन कामगार खिडकीतून डोकावले. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला आणि मागे वळून पाहिलं.

"माफ कर डालो ना खाला," तो म्हणाला. "चाचा इत्ता चिल्ला रै."

"चिल्लाने दो," म्हाळसा म्हणाली. "तुम रिक्षा चलाव."

पुढे टपाल कचेरीपर्यंत ती भिकनबद्दल बोलत होती. त्याला ताप कसा आला, शेवटच्या दिवशी त्यानं काय खायला मागितलं, ओढ्यापलीकडून तो तोंड हलवून कसल्या थट्टा करायचा. मी मध्येमध्ये "मग?" असं विचारत होतो, आणि ते तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारत होतो.